उत्तर न देणारा कोपरा

उत्तर न देणाऱ्यांचा आम्हां मास्तरमंडळींना फार राग येतो. चुकीचं उत्तर चालतं. त्यावर निदान तासभर बोलता तरी येतं. पण समोरचा नुसताच बघत राहिला की हात शिवशिवतात. छत्तीस वर्षं मुरबाडला मुलांपुढे उभा राहून मी निवृत्त झालो, शहापूरला येऊन राहिलो, आणि वाटलं, सुटलो! आता असा कुणी भेटणार नाही. पण तो भेटला. आणि तोही माझ्याच टेबलावर.

त्याचं असं झालं. २०२० च्या टाळेबंदीत चिरंजीवांचं ऑफिस घरी आलं. सोबत एका संगणकाला जोडलेले दोन पडदे आले. पुढे चिरंजीव ऑफिससकट पुण्याला गेले, पडदे राहिले. मग डाव्या पडद्यावर जुन्या वह्यांचे फोटो आणि उजव्यावर टंकन अशा थाटात मी माझ्या शिक्षकी आठवणी लिहायला घेतल्या. माउसचा बाण या पडद्यावरून त्या पडद्यावर असा जायचा, की जणू सासर-माहेर एकाच भिंतीला लागून आहे.

एके सकाळी उजव्या पडद्याचा वरचा कोपरा मुका झाला. जागा जेमतेम चार बोटं रुंद. पण खिडकी बंद करायची फुली नेमकी तिथेच! बाण जायचा, मी टिचकी मारायचो, उत्तर नाही. पुन्हा मारली. मग जोरात मारली. हळू मारलेल्या टिचकीपेक्षा जोरात मारलेली संगणकाला लवकर कळते, असं मानणारा मी काही एकटाच नसेन. मग संगणक बंद करून पुन्हा चालू केला. कोपरा ढिम्म. शेवटी माउस आपटला. डग्लस एंगलबर्ट यांनी १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत लोकांपुढे माउस चालवून दाखवला. त्यांचा पहिला नमुना म्हणे लाकडी होता. आपटायला तोच बरा.

"अहो, माउस कशाला बदडता? त्या गरिबाने काय केलंय?" सौ. म्हणाली. मग मी पडद्याला एक चापट दिली. न्याय सगळ्यांना सारखा!

खरं तर शहापूरकराला अशा गोष्टींची सवय हवी. १८९२ चं तानसा, १९५७ चं मोडकसागर आणि मुंबईला जवळजवळ निम्मं पाणी पाजणारं भातसा, ही सगळी आमच्या तालुक्यातली धरणं. आणि ऐन वैशाखात इथल्याच काही पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. यात ना पाण्याचा दोष, ना बायांचा. मधल्यामध्ये कुणीतरी असतं. पण असलं तत्त्वज्ञान माणसाला दुसऱ्याच्या हंड्याबद्दल सुचतं. स्वतःच्या टेबलावर चापटच सुचते.

अखेर मुरबाडहून एक दुरुस्तीवाला सरळगाव, किन्हवली करत मोटारसायकलवर आला. "सर, ओळखलंत?" मी ओळखलं नाही. त्याने पडद्याकडे बघायला मान खाली घातली, तेव्हा ओळखलं. शेवटचा बाक. टोकावड्याकडच्या एका पाड्यावरून यायचा.

त्याने कशालाही मारलं नाही. आधी तीच खिडकी ओढून डाव्या पडद्यावर नेली. तिथे फुली चालली. "म्हणजे फुलीचा दोष नाही. माउसचाही नाही."

"मग पडद्याचा," मी निकाल दिला.

"पडद्याला टिचकी कळतच नाही, सर. तो नुसता दाखवतो. टिचकी जाते संगणकाकडे. त्या जागी सगळ्यात वर कुठली खिडकी आहे ते तो बघतो आणि टिचकी तिला देतो."

"वर माझीच तर आहे!"

"तिच्यावर अजून एक असेल. आरपार. दिसत नाही, पण टिचक्या खाते."

मग त्याने चालू असलेल्या प्रोग्रॅमांची यादी काढली, एकेक बंद करत गेला आणि दर वेळी कोपरा तपासत गेला. पाचव्याला फुली बोलली. चिरंजीवांच्या मीटिंगांच्या काळातला एक प्रोग्रॅम संगणकाबरोबर रोज आपोआप चालू होत होता, आणि त्याची एक पारदर्शक पट्टी त्या कोपऱ्यावर ठाण मांडून बसत होती. ते आपोआप चालू होणंही त्याने बंद केलं.

मी खूश होऊन म्हणालो, "आणि शाळेत तर तू तोंडातून अक्षर काढायचा नाहीस!"

तो हसला. "काढायचो की, सर. घरी. आमची ठाकरी बोली. तुमचा प्रश्न आला की तो आधी आमच्या बोलीत करायचा, मग उत्तर शोधायचं, मग ते तुमच्या भाषेत करायचं. तोवर छडी आलेली असायची."

वायर कुठली कुठे लागते हे सांगावं, तितक्याच सहज त्याने हे सांगितलं. राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. पिशवी खांद्याला लावून तो माझ्याकडे बघत उभा राहिला. 'माफ कर' हे दोनच शब्द. घशापर्यंत आले आणि कुठल्याशा पट्टीखाली अडकले. मी नुसताच बघत राहिलो. त्याने मात्र घाई केली नाही, थांबला. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "चहा घेणार?"

"घेतो की," म्हणाला, आणि बसला.

तो गेल्यावर मी उजव्या पडद्याकडे वळलो. तिथे माझं नवं प्रकरण उघडं होतं. मथळा होता, 'काही ढ विद्यार्थी'. बाण कोपऱ्यात नेला आणि अगदी हळू टिचकी मारली. संगणकाने विचारलं, लिहिलेलं जपून ठेवायचं का?

उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. तो बिचारा थांबून राहिला.