किल्ली देण्याआधी विचारायचं होतंस

पहिल्याच भेटीत एजंटाला घराची किल्ली देऊन मोकळा झालास. वर सहा महिने दुसऱ्या कोणाकडे घर देणार नाही, असं सही करून लिहून दिलंस. आणि आता बंगळुरूहून फोन करून मला विचारतोस, "बाई, आईच्या घराला गिऱ्हाईकच कसं येत नाही?"

येतं. गिऱ्हाईक येतं, जाहिरातीतल्या नंबरवर फोन करतं, कोणी उचलत नाही म्हणून पलीकडच्या सोसायटीतला फ्लॅट बघून निघून जातं. परवा एक जोडपं खाली वॉचमनशी बोलत उभं होतं. दोघांनी आलटून पालटून फोन केले होते, मेसेज टाकला होता. शेवटी पत्ता शोधत स्वतःच आले. आत जाऊन बघता येईल का, एवढंच विचारत होते. तुझ्या आईने वर्षानुवर्षं जी किल्ली माझ्याकडे ठेवली, ती आता त्या एजंटाच्या खणात पडलेली. मी त्यांना काय दाखवणार? बंद दार?

तुला दहावीला गणित शिकवलंय मी. उत्तर आलं की ताळा करून बघ, हे तुझ्या वहीत लाल शाईने किती वेळा लिहिलं असेल! कोथरूडमधलं घर, तू म्हणतोस त्या भावाने ९० लाखांचं. दलाली दोन टक्के कबूल केलीस, म्हणजे १ लाख ८० हजार रुपये. एवढी रक्कम ज्याच्या हाती द्यायची, त्याची कोणती परीक्षा घेतलीस ते सांग. ऑफिस झकपक होतं, भिंतीवर प्रमाणपत्रं होती, माणूस गोड बोलला. मंडईत पावशेर भेंडी घेतानासुद्धा तू टोक मोडून बघतोस.

सगळ्यात संताप कशाचा आला, तेही सांगते. त्याने तुझ्या पहिल्या फोनला दोन दिवसांनी उत्तर दिलं, हे तूच मला सांगितलंस, आणि वर म्हणालास, "मोठा माणूस आहे, कामात असणार." अरे, काम मिळवायचं असताना माणूस जितका तत्पर असतो, तितका ते मिळाल्यावर कधीच राहत नाही. तुझं घर हातात यावं म्हणून तो त्या दोन दिवसांत धडपडायला हवा होता. तेव्हाच नाही धडपडला, तर सही झाल्यावर कशासाठी धडपडेल? त्याच्या वागण्याचा नमुना तुझ्यासमोर होता. तू तो पाहिलास आणि चुकीच्या रकान्यात लिहिलास.

आता परीक्षा कशी घ्यायची होती, ते नीट ऐक.

एजंट नेमण्याआधी त्याला एक प्रश्न लेखी पाठवायचा. खरा प्रश्न, तुझ्या घराचा, आणि ज्याचं उत्तर तू दुसरीकडे पडताळून पाहू शकशील असा. तुझ्याकडे तर तो आयताच होता. फ्लॅट आईच्या नावावर. बाबा आधीच गेलेले. आईने मृत्युपत्र केलं नाही. सोसायटीत नॉमिनी तू. आई गेल्यावर वारस तू आणि ताई. मग लिहायचं होतंस, "नॉमिनी मी आहे, बहीण नाशिकला असते, विक्रीआधी कोणती कागदपत्रं लागतील?" आणि थांबायचं.

यावर "टेन्शन घेऊ नका सर, सगळं होऊन जाईल" असा मेसेज पाच मिनिटांत आला, तरी तो माणूस नापास. तत्परता म्हणजे पटकन उलट टाईप करणं नव्हे. विचारलेल्याला उत्तर मिळालं का, ते बघायचं. "नॉमिनीत तुमचं नाव आहे ना, मग काही प्रॉब्लेम नाही" असं आलं, तर तो नापासच नाही, धोकादायक आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. घरात ताईचा तुझ्याइतकाच वाटा आहे. तिने खरेदीखतावर सही करायला हवी, नाहीतर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायला हवं. हे एजंटला ठाऊक नसेल, तर गिऱ्हाईक ठरेल, टोकन घेतलं जाईल, आणि मग गिऱ्हाईकाच्या बँकेचा वकील कागद चाळताना तिथेच बोट ठेवेल. तोवर त्या गिऱ्हाईकाचे दोन महिने वाया गेलेले असतील आणि तुझ्या नावाने शंख सुरू झालेला असेल.

चांगलं उत्तर कसं असतं, माहीत आहे? "शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे? मृत्युपत्र आहे का? ताईंची सही किंवा हक्कसोडपत्र लागेल. बाकी कागदांचं वकिलांना विचारून उद्या संध्याकाळपर्यंत सांगतो." तो उलट दोन प्रश्न विचारतो. जे माहीत आहे ते सांगतो. जे माहीत नाही त्याला मुदत घालून घेतो. आणि मग खरी परीक्षा उद्या संध्याकाळी असते. त्याचा फोन येतो का? उत्तर तयार नसलं तरी "वकील भेटले नाहीत, परवा कळवतो" एवढं सांगायला तरी येतो का? दिलेली वेळ पाळणारा आणि पाळता येत नसेल तर आधी कळवणारा माणूस मिळाला, तर त्याच्या ऑफिसात एसी नसला तरी त्यालाच घर दे.

एजंटाने फोन तासाभरात उचललाच पाहिजे, असं मी म्हणत नाही. दस्त नोंदवायला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेलेल्या माणसाचा अर्धा दिवस तिथेच जातो. घर दाखवत असेल तर समोरच्या गिऱ्हाईकाला सोडून त्याने तुझ्याशी बोलू नये, हेच योग्य. पण त्याच संध्याकाळी त्याचा उलट फोन यायला हवा. तो बाहेर असताना फोन कोण घेतं, हेही आधीच विचारायचं. "मीच घेतो सगळे" हे उत्तर ऐकायला बरं वाटतं. पण तो आजारी पडला, गावी गेला, तर? आणि एकदा रविवारी फोन करून बघायचा, कारण नोकरदार माणसं घरं शनिवार-रविवारीच बघतात. रविवारी बंद असलेला एजंट म्हणजे तुझं घर आठवड्यातल्या सगळ्यात चांगल्या दिवशी बंद.

ही झाली विकणाऱ्याची बाजू. दुसरी परीक्षा यापेक्षा महत्त्वाची, आणि ती तू घरबसल्या करू शकला असतास. तुझ्याशी तो कसा बोलतो, हे अर्धंच. तो गिऱ्हाईकाशी कसा बोलतो, त्यावर तुझं घर विकलं जाणार. तुझा मावसभाऊ वर्षभर कोथरूड-कर्वेनगरच्या बाजूला घर शोधतोय ना? त्या एजंटाच्या दुसऱ्या एखाद्या घराची चालू जाहिरात काढून त्याला द्यायची होतीस. "दादा, तुला जमण्यासारखं असेल तर फोन कर, आणि काय अनुभव आला ते मला सांग."

दादाने कार्पेट एरिया किती, हे विचारलं असतं. एजंट "साडेआठशेचा आहे" म्हणून थांबला असता की कार्पेटचा आकडा वेगळा करून सांगितला असता, ते कळलं असतं. घराच्या किमतीच्या वर किती खर्च येईल, हे विचारलं असतं. हा हिशेब एजंटाच्या जिभेवर हवा. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के, नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. ९० लाखांना ६ लाख ३० हजार अधिक ३० हजार, म्हणजे ६ लाख ६० हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत, म्हणजे ९० हजार वाचतात. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असली की खरेदी करणाऱ्याने एक टक्का कर कापून सरकारकडे भरायचा असतो. महापालिका हद्दीत सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम म्हणून २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. यात अवघड काही नाही. ज्याला हे फोनवर सांगता येत नाही आणि नंतर कळवायचंही सुचत नाही, त्याच्याकडे आलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

आणि सगळ्यात शेवटी एक गोष्ट दादाला विचारायची: घर बघून झाल्यावर दोन दिवसांनी त्या एजंटाचा "काय ठरलं?" म्हणून फोन आला का? पुष्कळजण घर दाखवतात. विचारायला परत फोन करणारे थोडे.

मी दादाचंच नाव का घेतलं, लक्षात आलं का? त्याला खरंच घर हवं आहे. घर घ्यायचं नसलेल्या मित्राला खोटं गिऱ्हाईक बनवून पाठवणं, एजंटाला उन्हातान्हात चार घरं फिरवायला लावणं, ही परीक्षा नव्हे, फसवणूक आहे. ती माणसं सौदा झाला तरच पैसे घेतात. तुझ्या खात्रीसाठी कोणाची दुपार फुकट घालवायचा तुला अधिकार नाही. फोनवरचे दोन प्रश्न पुरतात.

भिंतीवरच्या प्रमाणपत्राचं म्हणशील, तर तेही ऐकून ठेव. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, २०२३च्या जानेवारीत एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, ते चांगलंच केलं. नोंदणी आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः शोधून बघ, फ्रेममधल्या कागदावर विसंबू नकोस. पण रेराची ती सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या घरांच्या व्यवहारांसाठी आहे. आपल्यासारख्या जुन्या सोसायटीतल्या रीसेलला ती लागू होत नाही, आणि एजंटाने तुझा फोन किती वेळात उचलावा, हे तर कोणताच कायदा सांगत नाही. म्हणूनच ते बघायचं काम तुझं होतं.

आता तुझ्या स्वतःच्या वागण्याकडे येते. "त्याने काहीच केलं नाही" म्हणतोस. मी त्याच्या ऑफिसात जाऊन आले. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, सरांनी तीन आठवड्यांपूर्वीच शेअर सर्टिफिकेटचा आणि लाईट बिलाचा फोटो मागितला होता, अजून आला नाही." हे खरं आहे का? खरं असेल, तर त्याच्या दोन दिवसांवर बोट ठेवताना तुझ्या तीन आठवड्यांचंही काहीतरी सांग. चांगला एजंटसुद्धा तुझी परीक्षा घेत असतो. जो मालक साधा फोटो पाठवत नाही, तो गिऱ्हाईक आल्यावर भाव ठरवायला किती दिवस लावेल, हा विचार त्याच्या मनात येतोच, आणि तो आपली चांगली पार्टी दुसऱ्या मालकाकडे नेतो. यात त्याचा दोष नाही. तुला वेळ नाही, हे मला पटत नाही. दिवसभर मीटिंगमध्ये असतोस, मान्य. रात्री दहा वाजता फोन करता येतो. कागद माझ्या कपाटात आहेत, हेही तुला ठाऊक आहे. मला एक फोन केला असतास, तर मीच पाठवले असते.

आता हात चोळत बसू नकोस. राहून गेलेली परीक्षा आता घे. आज रात्री माझ्याकडून फोटो घेऊन त्याला पाठव, म्हणजे त्याच्याकडे सबब उरणार नाही. मग त्याला ईमेल लिही. जाहिरात कुठे कुठे दिली आहे, आजवर कोणाकोणाचे फोन आले, त्यांना काय सांगितलं, घर कोणाला आणि केव्हा दाखवलं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत उत्तर मागव. आवाज चढवायचा नाही, धमकी द्यायची नाही. शुक्रवारी नीट उत्तर आलं, तर त्याला आणखी एक संधी दे, मीही त्याच्याशी बोलेन. नाही आलं, तर तू सही केलेला तो कागद शब्दशः वाच. करार मोडण्याबद्दल त्यात काय लिहिलंय ते बघ, समजलं नाही तर वकिलाला दाखव आणि लेखी कळवून किल्ली परत माग. त्याने नकला किती काढल्या हे विचारण्यात अर्थ नाही, कुलूपच बदलू. कुलूपवाल्याला मी बोलावते, पैसे तू दे. नवी किल्ली माझ्याकडे राहील आणि पुढचा एजंट माझ्यासमोर घर दाखवेल.

पुढच्या वेळी एकावर न थांबता तिघांना तोच लेखी प्रश्न पाठव आणि उत्तरं मला फॉरवर्ड कर. मी तपासते.

आणि हे सगळं करायच्या आधी ताईला फोन कर. घर विकायला काढलंय हे तिला अजून तू सांगितलेलं नाहीस, हे मला कालच कळलं, आणि तेही तिच्याकडून. निम्मं घर तिचं आहे.