कल्पना माझी, टाके मावशींचे

गेल्या वर्षी एका छोट्या प्रदर्शनात माझी एक वाकळ ११,००० रुपयांना गेली. शेजारच्या पाटीवर माझं नाव होतं आणि खाली 'जुनं सुती लुगडं, लोखंडी काळा रंग, हातशिलाई' असं लिहिलेलं. कुणाच्या हातची शिलाई, ते नव्हतं. लिहायचं राहून गेलं असंही नाही. पाटी मीच टाइप केली होती आणि टाइप करताना मावशी मला आठवल्या होत्या.

मावशी आमच्या गल्लीत वाकळा शिवून देतात. (पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात, ती आमच्या कोल्हापूरकडे वाकळ.) माझा प्रयोग साधा होता. जुन्या लुगड्यावर लाकडी ठशांनी छापायचं आणि छापाच्या कडेकडेनं धावदोरा घालून घ्यायचा. काळा रंग मी घरीच केला. रीत कच्छच्या अजरखवाल्यांची. कापड हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवायचं. भंगारातलं लोखंड गुळाच्या पाण्यात बरेच दिवस आंबवायचं. त्या पाण्यात चिंचोक्याचं पीठ शिजवून खळ करायची आणि ठसा मारायचा. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग कापडावरच तयार होतो. पिवळट कापडावर तो उमटताना बघत बसण्यात माझी एक अख्खी दुपार गेली होती.

पण या काळ्याला एक जुनी खोड आहे. तो कापड खातो. संग्रहालयांतली जुनी छापील कापडं पाहिलीत तर बाकीचे रंग शाबूत आणि काळ्याच्या जागी भोकं, असं पुष्कळदा दिसतं. त्याला वर्षानुवर्षं लागतात. मी रंग इतका कडक केला होता आणि लुगडं इतकं विरलेलं होतं, की तिसऱ्या धुण्यातच ठशांची जाळी झाली. मी ते टाकून देणार होते. मावशींनी ते हातातून काढून घेतलं, खाली दुसऱ्या लुगड्याचा थर लावला आणि जिथं कापड गेलं होतं तिथं टाके दाट घातले, बाकीकडे विरळ. मी खडूनं आखून दिलेली रेघ त्यांनी पाळलीच नाही. प्रदर्शनात लोक थांबायचे ते नेमके त्या दाट-विरळ जागांपाशी. 'काय प्रयोग केलायस!' असं मला म्हणायचे, आणि मी हसायचे.

यावर एक उत्तर तयार असतं आणि ते अगदीच खोटं नाही. कल्पना माझी, ठसे माझे, पैसे बुडाले असते तर माझे. गवंड्याचं नाव इमारतीवर नसतं. पण सिनेमाच्या शेवटी स्पॉटबॉयचंही नाव येतं. म्हणजे हात कुणाचे ते सांगायचं की नाही, हे त्या त्या धंद्याच्या सवयीनं ठरतं.

इटालियन चित्रकार आलिगिएरो बोएत्तीनं १९७१ पासून जगाचे नकाशे भरतकामात करून घेतले. प्रत्येक देश त्याच्या झेंड्याच्या रंगात. भरायच्या काबूलमधल्या बायका, आणि १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा आल्यावर पेशावरमध्ये निर्वासित झालेल्या अफगाण बायका. एका नकाशातला समुद्र गुलाबी होऊन आला. त्या बायकांकडे गुलाबी दोरा भरपूर होता आणि त्यांच्या देशाला समुद्रच नाही, असं कारण सांगतात. बोएत्तीला ते इतकं आवडलं की पुढं समुद्राचा रंग त्यानं त्यांच्यावरच सोडला. आपण यात काही केलंच नाही, अशा अर्थाचं तो मोकळेपणानं म्हणायचाही. मला तो यासाठी आवडतो. तरी नकाशे आज 'बोएत्ती' म्हणूनच ओळखले जातात. काहीच न करण्याचं श्रेयही ज्याला मिळतं, त्याचं स्थान जरा विचार करण्यासारखं आहे.

गुलाबी समुद्र हा निर्णय होता, आणि मावशींचे दाट टाकेही. 'मी ठरवते, त्या करतात' ही विभागणी कापडावर टिकत नाही. इथं सुईच्या प्रत्येक फेरीत काहीतरी ठरत असतं: कापड किती ताणायचं, दोरा कुठं सोडायचा.

मग पाटीवर नाव घालायचं आणि मोकळं व्हायचं? मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून परवा मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, 'माझं नाव कशाला घालतीस? पोराच्या हापिसातली लोकं म्हणतील, आई अजून वाकळा शिवती.' म्हणजे न विचारता नाव गाळणं जसं मी केलं, तसं न विचारता नाव छापणंही मीच केलं असतं, आणि वर चांगुलपणाचं समाधान मिळवलं असतं.

नावाचा प्रश्न मला सोयीचा होता, हेही सांगायला हवं. त्याच्या आड दुसरा एक लपत होता. मी मावशींना १,८०० रुपये दिले होते, गल्लीतल्या दरापेक्षा थोडे जास्तच. वाकळ गेल्यावर त्यांनी विचारलं होतं, 'केवढ्याला गेली गं?' मी म्हणाले होते, 'बरे आले, मावशी.' ठसे, प्रवास, प्रदर्शनाचं भाडं असा हिशेब माझ्याकडे तयार होता, आणि तो खराही होता. पण खरा हिशेब सांगता येतो. मी तो आकडा गिळला, कारण तो ऐकल्यावर त्यांचा चेहरा कसा होईल ते मला बघायचं नव्हतं.

परवा तो सांगितला. खर्च किती, माझ्याकडे उरले किती, तेही. उरलेल्यातले निम्मे पैसे समोर ठेवले. मावशींनी ते लगेच उचलले नाहीत. चष्मा पुसला, सुईत दोरा ओवायचा राहिला होता तो ओवला. मग म्हणाल्या, 'फुडच्या बारीला काळा दोरा दिऊ नगंस. काळ्यावर काळा, सांजंचं दिसत न्हाई मला.'