अनित्यता आणि मुदत

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला, म्हणजे यंत्र आणि त्यावरील सर्व प्रोग्राम यांचा मेळ घालणाऱ्या मूळ प्रणालीला, मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि ज्या संगणकांत विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-यंत्रणा किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नाही, ते चालू स्थितीत असूनही कालबाह्य ठरले. जे घडवलेले आहे ते नाशवंत आहे असे मानणाऱ्या बौद्ध विचारात या घटनेला सहज जागा मिळेल असे वाटते. पण तसे मानणे ही गंभीर चूक होईल.

बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने वस्तू खरोखर ‘आहे’ असे म्हणण्यासाठी ‘अर्थक्रियासामर्थ्य’, म्हणजे कार्य घडवून आणण्याची क्षमता, ही कसोटी सांगितली. तिच्यावर १५ ऑक्टोबरचा संगणक आदल्या दिवसाइतकाच सत् ठरतो. तरीही काहीच बदलले नाही असे म्हणता येत नाही, कारण सुरक्षितता हा यंत्रात साठवून ठेवता येणारा गुण नसून नव्याने सापडणाऱ्या त्रुटींवर दुरुस्ती येत राहिली तरच ती टिकते. बौद्ध परिभाषेत ती प्रतीत्यसमुत्पन्न, म्हणजे इतर कारणांच्या आधाराने उत्पन्न होणारी आहे, आणि त्यांपैकी एक कारण काढून घेतले गेले आहे.

ते आपोआप क्षीण झालेले नाही, काढून घेतले गेले आहे, हा भेद येथे निर्णायक आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातील संगणक वेठीस धरले, तेव्हा तीन वर्षांपूर्वीच साहाय्य संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती देण्यात आली, यावरून ती मुदत वस्तूच्या स्वभावातून आलेली नव्हती हे स्पष्ट होते. जुनी प्रणाली सांभाळण्याचा खर्च खरा आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु बुद्धाने कर्म म्हणजे चेतना, अर्थात हेतुपूर्वक केलेला संकल्प, असे मानले, आणि संकल्पाला अनित्यतेचे नाव दिले की कर्त्याचे उत्तरदायित्व दिसेनासे होते.

वस्तू जीर्ण झाल्यावर तिचे काय करावे या संदर्भात, विनयपिटकातील, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमग्रंथातील, चुल्लवग्गात कौशांबीच्या उदेन राजाला बुद्धाचा शिष्य आनंद याने दिलेला हिशेब फार मोलाचा आहे: जीर्ण चीवरांची, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांची, पांघरुणे होतात, त्यांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची जमिनीवर अंथरायची आच्छादने, मग पायपुसणी, मग धूळ झटकण्याची फडकी, आणि शेवटी त्यांचा चुरा चिखलात मळून त्याने लिंपण केले जाते. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवून जुना संगणक वापरात ठेवणारा माणूस हीच साखळी एका कडीने लांबवत असतो. शेवटची कडी मात्र येथे जुळत नाही, कारण शिसे आणि इतर विषारी द्रव्ये असलेले सर्किट बोर्ड कोणत्याही भिंतीच्या मातीत मळता येत नाहीत. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये ते माणसांच्या हातांनीच फोडले जातात.