पुसणे आणि नष्ट होणे

वापरलेल्या हार्ड डिस्कवरून जुनी ऑपरेटिंग सिस्टीम काढून टाकली की डिस्क रिकामी दिसू लागते. परंतु दिसेनासे होणे वेगळे आणि नसणे वेगळे. जे पुसले ते खरोखर नाहीसे होते का, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी संगणकाच्या कितीतरी शतके आधी विचारला आणि त्याला परस्परविरोधी उत्तरे दिली. पुसण्याच्या वेगवेगळ्या रीती पाहत गेले, की यांतील कोणते उत्तर कुठवर टिकते हे डिस्कवर तपासता येते.

जुन्या पद्धतीने मांडलेल्या डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये संगणक सुरू करणारा छोटा प्रोग्राम आणि पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या विभागांचा, तक्ता असतो. या तक्त्याला अवघे ६४ बाइट पुरतात. पार्टिशन डिलीट केले की तक्त्यातली नोंद जाते; ऑपरेटिंग सिस्टीमच्या फायली, आधीच्या मालकाचे फोटो, पत्रे, बँकेचे कागद मात्र होते तिथेच राहतात. क्विक फॉरमॅटमध्येही नवी नोंद मांडली जाते आणि जागा मोकळी असल्याचे जाहीर होते, एवढेच. त्यामुळे रिकव्हरीचे सॉफ्टवेअर चालवले की गेलेल्या वाटणाऱ्या फायली बऱ्याचदा परत मिळतात.

येथपर्यंत सांख्यांचे म्हणणे तंतोतंत लागू पडते. सांख्यदर्शन सत्कार्यवादी आहे. कार्य उत्पन्न होण्यापूर्वीही कारणात असतेच, हे ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेच्या नवव्या कारिकेत पाच हेतू देऊन मांडले आहे. या मताप्रमाणे उत्पत्ती म्हणजे प्रकट होणे आणि नाश म्हणजे कारणात लीन होऊन अव्यक्त होणे. जे आहे ते कधीच ‘नाही’ होत नाही. डिलीट केलेल्या पार्टिशनमधील फाइल अशीच अव्यक्त असते. योग्य साधन मिळताच ती पुन्हा व्यक्त होते.

प्रत्येक सेक्टरवर शून्ये किंवा दुसरी माहिती लिहिली की स्थिती पालटते. विंडोजमधील डिस्कपार्टची ‘क्लीन’ आज्ञा पार्टिशनची माहिती पुसते, तर ‘क्लीन ऑल’ सगळ्या सेक्टरवर शून्ये लिहिते. पीटर गटमन यांनी १९९६ मध्ये जुन्या चुंबकीय डिस्कसाठी ३५ वेळा लिहिण्याची योजना सुचवली होती. आजच्या चुंबकीय डिस्कसाठी एकदा पूर्ण लिहिणे सामान्यतः पुरेसे मानले जाते. यावर सांख्य म्हणतील की धातूची तबकडी आणि तिच्यावरचा चुंबकीय थर तोच आहे, फक्त रचना बदलली. ते खरे आहे. परंतु जी रचना कोणत्याही साधनाने परत आणता येत नाही, तिला केवळ अव्यक्त म्हणण्यात अर्थ उरत नाही.

येथे न्याय-वैशेषिकांचे उत्तर अधिक समर्पक ठरते. त्यांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आणि त्याचे चार प्रकार केले. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही, अंत आहे. वस्तू नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, अंत नाही. उरलेले दोन अत्यंताभाव आणि अन्योन्याभाव. कारखान्यातून नुकतीच आलेली डिस्क आणि पूर्ण पुसलेली डिस्क या दोन्हींवर सर्वत्र शून्येच असू शकतात. तरीही एकीवर सिस्टीमचा प्रागभाव आहे, तर दुसरीवर प्रध्वंसाभाव. पुसलेल्या डिस्कवर तीच आवृत्ती पुन्हा बसवली तरी नैयायिकाच्या दृष्टीने ती त्याच जातीची नवी व्यक्ती असते. जुनी परत येत नाही, कारण तिच्या ध्वंसाला अंत नाही.

तिसरी स्थिती योगदर्शनाने ओळखली. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातील चौथ्या सूत्रात चित्ताला पीडणाऱ्या क्लेशांच्या प्रसुप्त (निद्रिस्त), तनु, विच्छिन्न आणि उदार अशा चार अवस्था सांगितल्या आहेत. व्यासभाष्याने त्यांपलीकडची पाचवी अवस्था जोडली: भाजलेले बी जसे असूनही उगवत नाही, तसा दग्धबीज क्लेश. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, प्रसुप्त आणि दग्धबीज या दोन्ही टोकांच्या अवस्था सापडतात. लेखनाचा भार सर्व पेशींवर सारखा पडावा म्हणून तिचा नियंत्रक माहिती सतत हलवतो आणि काही पेशी राखीव ठेवतो. बाहेरून शून्ये लिहिली तरी तिथे जुने अंश प्रसुप्त राहू शकतात. त्यांच्यासाठी ड्राइव्हचीच सिक्युअर इरेजची आज्ञा लागते. याउलट, माहिती पहिल्यापासून कूटबद्ध असेल तर फक्त किल्ली नष्ट करतात. माहितीचे बाइट जागेवर राहतात, पण त्यांतून अर्थ उगवत नाही. ही दग्धबीज अवस्था होय.

मात्र डिस्क आणि चित्त यांत एक भेद मूलभूत आहे. कर्मसिद्धांतानुसार जो कर्ता, तोच भोक्ता. चित्तातील संस्कारांचे फळ त्याच जीवाला भोगावे लागते. डिस्कला भोग नाही. तिच्यावर उरलेल्या खुणांचे फळ आधीच्या मालकाला आणि त्याच्या फोटोंत, पत्रांत आलेल्या माणसांना भोगावे लागते, आणि त्यांतल्या अनेकांना डिस्क विकली गेल्याचे ठाऊकही नसते. सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलत यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विकत घेतलेल्या जुन्या डिस्कपैकी चालू अवस्थेतील १२९ पैकी केवळ १२ नीट पुसलेल्या आढळल्या. म्हणून नाशाचा हा प्रश्न तत्त्वज्ञानाइतकाच धर्माचाही आहे.

धर्मशास्त्राने ठेवीचा विचार बारकाईने केला आहे. मनुस्मृतीत निक्षेप, म्हणजे ठेव, हे अठरा विवादपदांपैकी एक आहे. आत काय आहे हे न सांगता बंद पात्रात दुसऱ्याच्या हाती दिलेल्या ठेवीला याज्ञवल्क्यस्मृती उपनिधी म्हणते. जुन्या डिस्कवरची माहिती याच जातीची आहे. देणाऱ्याने ती जाणूनबुजून ठेवलेली नसते, एवढाच फरक. आणि त्यामुळे घेणाऱ्याची जबाबदारी हलकी होत नाही, उलट वाढते. ज्याला विश्वास टाकण्याची संधीही मिळाली नाही, त्याचा विश्वासघात करणे अधिक सोपे असते.

नोंद काढणे म्हणजे नाश नव्हे. डिस्क देणाऱ्याने ती प्रध्वंसापर्यंत किंवा दग्धबीज अवस्थेपर्यंत न्यावी. घेणाऱ्याने आतले काहीही न उघडता प्रथम ती पूर्ण पुसावी आणि मगच नवी सिस्टीम बसवावी. जुन्या डिस्कच्या बाबतीत अस्तेयाचे, म्हणजे दुसऱ्याचे न घेण्याच्या व्रताचे, पालन याहून कमी कशानेही होत नाही.