गुरुजींचे ऋण कोणी फेडायचे?

तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणांचा धनी ठरतो: ऋषिऋण ब्रह्मचर्याने, देवऋण यज्ञाने, पितृऋण संततीने फिटते. पुढे ही कल्पना सर्वांना लागू झाली. घरसंसार नेटाने करून पिढ्या शिकवणारा शिक्षक यांतली पितृऋण आणि ऋषिऋण ही दोन फेडतो; पण त्याच्या पश्चात ऋणी कोण? महालय श्राद्धात माता-पित्यांसोबत गुरूचाही उच्चार होतो, आश्चर्य म्हणजे शिष्याचाही. म्हणजे विधीने नाते रक्तापुरते ठेवलेले नाही. यवतमाळ जिल्ह्यात निवृत्त गुरुजींच्या तेरवीला कापसाच्या वावरातून आलेला जुना विद्यार्थी फोटोला हार घालतो, पंगतीत बसतो. गाडगेबाबांचा मात्र कर्ज काढून घातलेल्या जेवणावळींना विरोध होता. तो पैसा त्यांना मुलांच्या शिक्षणावर हवा होता. शिक्षकाच्या स्मरणाला हाच मार्ग अधिक शोभतो.