बंदिवासातून आणलेली अक्षरं

हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. त्या वर्णमालेतलं तिसरं अक्षर गिमेल, चौथं दालेत. गिमेल म्हणजे एक उभा दंड आणि तळाशी डावीकडे टाकलेलं पाऊल. दालेत म्हणजे वर आडवी रेघ आणि उजव्या अंगानं खाली उतरलेला दंड. त्याची पाठ गिमेलकडे, तोंड पलीकडे. अक्षर गिरवणारं पोर एवढंच पाहील, असं आपल्याला वाटतं. पण तालमुद या यहुदी धर्मचर्चेच्या प्राचीन संग्रहाच्या शब्बाथ या खंडात काही पोरं पाठशाळेत येऊन या अक्षरांचा अर्थ सांगून गेल्याची नोंद आहे. गिमेल म्हणजे देणारा, दालेत म्हणजे दरिद्री. गिमेलचं पाऊल दालेतकडे पडलं आहे, कारण देणाऱ्यानं गरिबाच्या मागे धावत जायचं असतं. दालेतनं तोंड फिरवलं आहे, कारण घेणाऱ्याला लाज वाटू नये अशा बेतानं, गुपचूप द्यायचं असतं. ते ऐकून मोठे पंडितही चकित झाले.

यहुदी परंपरेतल्या अक्षरांच्या गूढार्थाचा विषय निघाला की मला ही पोरं आठवतात. आज हा विषय बहुधा भविष्याच्या दुकानात भेटतो. जन्ममहिना सांगा, तुमचं हिब्रू अक्षर सांगतो; अक्षरावरून स्वभाव, स्वभावावरून नशीब. त्या पोरांनी कुणाचंच नशीब सांगितलं नव्हतं. अक्षर आपल्याकडून काय मागतं, ते सांगितलं होतं. माझ्या मते या सगळ्या परंपरेचा गाभा तिथे आहे, आणि तिचा इतिहास पाहिला की तो अधिकच उजळतो.

आधी तिची मांडणी पाहू. ‘सेफेर येत्सिरा’, म्हणजे निर्मितीचं पुस्तक, हा एक लहानसा प्राचीन ग्रंथ. त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण इसवी सन ९३१मध्ये साद्या गाओन या पंडितानं त्यावर अरबीत भाष्य लिहिलं, तेव्हा तो जुना आणि मान्यवर झालेला होता. या ग्रंथाचं म्हणणं असं, की देवानं विश्व घडवलं ते दहा मूळ संख्या आणि बावीस अक्षरं यांच्या बत्तीस वाटांनी. बावीस अक्षरांचे तीन गट. आलेफ, मेम आणि शीन या तीन माता. त्यांतून वायू, जल आणि अग्नी. मग दोन-दोन उच्चारांची सात अक्षरं. ती सात ग्रहांची आणि आठवड्याच्या सात वारांची. उरलेली बारा साधी अक्षरं बारा राशींची, बारा महिन्यांची आणि माणसाच्या बारा शक्तींची.

ही शेवटची जुळणी फार रसाळ आहे. ग्रंथाच्या प्रचलित पाठानुसार निसान महिन्याचं अक्षर हे, शक्ती वाणी. निसानच्या पौर्णिमेला पेसाहचा सण येतो. त्या रात्री इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची कथा तोंडानं सांगणं हे प्रत्येकाचं कर्तव्य. मनात आठवून भागत नाही. आव महिन्याचं अक्षर तेत, शक्ती ऐकण्याची. आवच्या नवमीला जेरुसलेमच्या दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाचा शोक पाळतात, जमिनीवर बसून विलापगीतं ऐकतात. अदार महिन्याचं कोफ, शक्ती हास्य. आणि अदार लागला की आनंद वाढवावा, असं तालमुद सांगतं. महिना म्हणजे या मांडणीत त्या-त्या शक्तीला वळण लावण्याची मुदत झाली.

अक्षरांच्या आकाराकडेही परंपरेनं असंच निरखून पाहिलं. तोरा, म्हणजे मोशेचं धर्मशास्त्र, बेत या दुसऱ्या अक्षरानं सुरू होतं. का? बेत वरून, खालून आणि मागून बंद आहे. उघडं आहे फक्त लिखाण पुढे जातं त्या दिशेला. वर काय, खाली काय, आधी काय होतं, यात गुंतू नकोस. इथून पुढे चाल. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनमध्ये पुढे आलेल्या ‘झोहर’ या महाग्रंथात तर एक सुंदर प्रसंग आहे. विश्व माझ्यापासून सुरू कर, अशी विनवणी करत सगळी अक्षरं उलट्या क्रमानं, शेवटच्या तावपासून, देवापुढे येतात. आशीर्वाद या अर्थाचा ‘बराखा’ हा शब्द ज्यानं सुरू होतो त्या बेतला तो मान मिळतो. आलेफ पुढे येतच नाही. दिलेला मान परत मागू कसा, असं त्याचं म्हणणं. त्या संकोचाबद्दल देव त्याला सगळ्या मोजणीचा आरंभ करतो. आलेफची किंमत एक ती म्हणून.

प्रत्येक अक्षराला संख्येची किंमत असल्यामुळे शब्दांची बेरीज करता येते. ‘अहावा’ म्हणजे प्रेम, बेरीज तेरा. ‘एहाद’ म्हणजे एक, त्याचीही तेरा. दोन्ही मिळून सव्वीस. तीच देवाच्या चतुराक्षरी नामाची बेरीज. मन हरखून जातं. पण बेरजांनी वाटेल ते सिद्ध करता येतं, हे जुन्या गुरूंनाही ठाऊक होतं. ‘पिर्के अवोत’ या गुरुवचनांच्या जुन्या ग्रंथात अशा गणितांना ज्ञानाची तोंडीलावणी म्हटलं आहे. लोणच्यावर कुणी पोट भरत नाही. राशींबद्दलही परंपरेत एकमत नव्हतं. इस्राएलवर ग्रहांची सत्ता नाही, असं तालमुदमधल्या रब्बी योहानान यांचं मत, आणि यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिदिसनं (११३८-१२०४) तर फलज्योतिषाचा सडेतोड धिक्कार केला. म्हणजे नशिबाच्या दुकानाला विरोध करण्यासाठी बाहेरचा बुद्धिवाद आणायची गरज नाही. तो या परंपरेच्या घरातच आहे.

आता इतिहास. इसवी सनपूर्व ५८६मध्ये बाबिलोनच्या सैन्यानं जेरुसलेमचं मंदिर जाळलं आणि यहुदी लोकांना बंदिवान करून नेलं. अर्ध्या शतकानंतर इराणी राज्यकर्त्यांनी परतण्याची मुभा दिली. परत आलेल्यांनी सोबत काय आणलं? जेरुसलेमच्या तालमुदमध्ये स्पष्ट लिहिलं आहे: महिन्यांची नावं आमच्याबरोबर बाबिलोनहून आली. त्याआधी बायबलमध्ये महिने बहुतेक पहिला, दुसरा असे आकड्यांनी येतात. अवीव, झीव, एतानीम, बूल अशी मोजकी जुनी नावं दिसतात. निसान, आव, तिश्री, अदार ही नावं जेत्यांची. तम्मूज तर बाबिलोनच्या देवाचंच नाव. त्याच्यासाठी रडणाऱ्या स्त्रिया मंदिराच्या दारात बसल्याचं अमंगळ दृश्य संदेष्टा यहेज्केलनं दृष्टांतात पाहिलं होतं. तेच नाव यहुदी पंचांगातल्या चौथ्या महिन्याला कायमचं राहिलं.

अक्षरांचीही तीच गोष्ट. बंदिवासापूर्वी हिब्रू वेगळ्या लिपीत लिहीत. जेरुसलेमच्या सिलोआम बोगद्यातला शिलालेख त्याच लिपीत आहे. आजची चौकोनी लिपी अरामी वळणाची. बंदिवासानंतरच्या एज्रा या शास्त्र्याच्या काळात तोरा या लिपीत आली, असं एक मत तालमुदमध्येच नोंदवलं आहे, आणि तिचं नावच ‘अश्शूरी’, म्हणजे अश्शूर देशाची. जुन्या लिपीत दालेत त्रिकोणासारखं होतं. फिरवलेलं तोंड नव्हतं, त्याच्याकडे धावणारं पाऊलही नव्हतं.

इथे मी दरवेळी थबकतो. ज्या अक्षरांच्या वळणांत विश्वनिर्मितीचं रहस्य दिसलं, ज्या महिन्यांत माणसाच्या शक्ती वाटून दिल्या, ती अक्षरं आणि ती नावं, दोन्ही परमुलखातून उसनी आणलेली. एखाद्याला वाटेल, हे कळल्यावर गूढार्थ फोल ठरला. मला उलट वाटतं. आरंभापासून आकाशात लिहून ठेवलेला अर्थ नुसता वाचायचा असतो. उसन्या रेघेत दात्याचं पाऊल पाहायला पिढ्यान् पिढ्यांची करुणा लागते. पावित्र्य उगमाच्या शुद्धतेत असतं, या समजाला ही वर्णमालाच उत्तर आहे. शुद्ध भाषा, शुद्ध परंपरा यांचा घोष आजही कानांवर आदळतो. त्या घोषणा देणाऱ्यांनी तम्मूज या नावापाशी क्षणभर उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

बाबिलोनहून नावं घेणाऱ्या लोकांच्या एका शाखेनं पुढे कोकणात मराठी नावं घेतली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज वाचले, अशी बेने इस्राएल समाजाची कथा. त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. हिब्रू बहुतांशी विसरली, पण सण राहिले. नववर्षाला ते नव्याचा सण म्हणत. अदारमधल्या पुरीमला होळीचा सण म्हणत, कारण तो येतो फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपासच. आवच्या नवमीचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा. वालाच्या बिरड्याच्या नावानं जेरुसलेमचा शोक! तम्मूज स्वीकारणाऱ्या लोकांना यात परकं वाटण्यासारखं काही नव्हतं.

दोन्ही पंचांगांची चाल जुळणारी होती, हेही खरं. दोन्हीकडे महिना अमावास्येनंतर सुरू होतो, चांद्रवर्ष अकरा दिवसांनी मागे पडतं आणि ते सावरायला अधिक महिना घ्यावा लागतो. हिब्रू पंचांगात एकोणीस वर्षांत सात. २०२२मध्ये २६ सप्टेंबरला आपली घटस्थापना होती, आणि तोच यहुदी नववर्षाचा, तिश्रीचा पहिला दिवस. २०२३मध्ये आपण अधिक श्रावण आधीच घेतला होता, त्यामुळे तिश्री आला १६ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या तीन दिवस आधी. पुढे त्यांनी आपला जादा महिना घेतला आणि ३ ऑक्टोबर २०२४ला घटस्थापना आणि तिश्री पुन्हा एकत्र आले. आपल्याकडे अधिक महिना सूर्याच्या संक्रमणाप्रमाणे जागा बदलतो. त्यांच्याकडे नेहमी अदारच दोनदा येतो. पेसाह वसंतातच यावा, हे त्याचं कारण. पण हास्याचा महिना तेवढा दुणावतो, याचा आनंद मला नेहमी होतो.

निसानची शक्ती वाणी, असं वर म्हटलं. पेसाहच्या रात्रीच्या कथनाच्या पोथीला ‘हगादा’ म्हणतात. शब्दाचा अर्थच कथन. १८७४मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी अशी सचित्र हगादा छापली गेली. तिच्या चित्रांत सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसून जमिनीवर बसल्या आहेत. उजवीकडून येणारी अक्षरं आणि डावीकडून येणारी अक्षरं एकाच पोथीत, इजिप्तमधून सुटल्याचीच कथा सांगत.

तालमुदमध्ये रब्बी हनीना बेन तेरादियोन यांच्या मृत्यूची कथा आहे. तोरा शिकवण्यावर रोमनांनी बंदी घातली होती. ती मोडली म्हणून त्यांना तोराच्या गुंडाळीत लपेटून जाळलं. शिष्यांनी विचारलं, गुरुजी, काय दिसतं? ते म्हणाले, चर्मपट जळतो आहे, पण अक्षरं उडून जात आहेत. उडालेली अक्षरं कुठे तरी उतरतात, असं मी मानतो.

त्सादी हे शेवात महिन्याचं अक्षर, शक्ती खाण्याची. शेवातची पौर्णिमा हे झाडांचं नववर्ष. त्या दिवशी फळं खातात. पंधरा हा आकडा हिब्रूत योद आणि हे, दहा अधिक पाच, असा लिहायला हवा. पण ती दोन अक्षरं देवाच्या नामातली. म्हणून तारीख लिहिताना ती टाळतात आणि तेत-वाव, नऊ अधिक सहा, असं लिहितात. त्या तारखेला अलिबागजवळच्या खंडाळा गावी बेने इस्राएल मंडळी जमतात. तिथल्या कातळावर एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा. ताटात मलिदा असतो: भिजवलेले गोड पोहे, खवलेला नारळ, वर फळं. प्रार्थना हिब्रूत होते, आणि मग ताट हातोहात पुढे सरकतं, गिमेलकडून दालेतकडे.