घरातला कोळी आणि जीवदया

सर्वांभूती भगवंत पाहावा, हे वारकऱ्याच्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पण दिवाळीची झाडझूड निघाली, लांब काठीला केरसुणी बांधली, की हीच गोष्ट मोठी अवघड होऊन बसते. जाळे काढावे की नाही? कोळी मारावा की सोडावा?

दवनीवाड्यासारख्या गावी हा प्रश्न नेहमीचा. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा म्हणजे धानाचा मुलूख. जेथे धान तेथे किडे, आणि जेथे किडे तेथे कोळी. तो काही उगाच येत नाही. त्याचे अन्न आपल्या घरी असते.

आधी त्याला नीट ओळखावे. कोपऱ्यात उलटा लोंबणारा, काडीसारख्या लांब पायांचा असतो, त्याचीच जळमटे होतात. भिंतीवरून टुणकन उडी मारून माशी धरणारा लहानगा जाळेच विणत नाही. रात्री झुरळांमागे धावणारा तो मोठा, चपटा; त्याची मादी अंड्यांची पांढरी चकती पोटाखाली धरून हिंडते. दिसायला भयंकर, पण माणूस पाहिला की पळतो.

लोक म्हणतात, ‘अहो, अंगावरून कोळी गेला की फोड उठतात!’ पावसाळ्यात दिव्यावर मुंगीसारखा लांबट, नारिंगी-काळा एक किडा येतो. तो शेताकडचा. अंगावर चिरडला तर त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. पुष्कळदा अपराध त्याचा, आणि चप्पल बसते कोळ्यावर! न तपासता शिक्षा देणे हा अन्याय माणसाला केला काय आणि कोळ्याला केला काय, अन्यायच.

कोणी विचारील, ‘बुवा, कोळी वाचवला तर माश्या मरतात, त्याचे काय?’ प्रश्न खरा आहे. आम्हास वाटते, सृष्टीचा कारभार आपल्या हाती दिलेला नाही. कोळ्याने काय खावे याचा जाब त्याला आपण विचारू नये. आपला हात कशासाठी उठला, एवढ्याचाच हिशेब आपल्याकडे. धानाच्या बांधीतही कोळी तुडतुडे खातो. सरसकट विष फवारले की कोळी मरतो आणि तुडतुडे पुन्हा उसळतात, हे शेतकऱ्याने पाहिले आहे.

मग घर घाण ठेवावे काय? मुळीच नाही. अस्वच्छता ही दया नव्हे, तो आळस. जाळे काढावे, जीव काढू नये. कोळ्यावर पेला पालथा घालून खालून कागद सरकवावा नि परसात सोडावा. आठवड्याला कोपरे झाडावेत, भिंतीच्या भेगा लिंपाव्यात, लाकडाचे ढीग भिंतीपासून दूर रचावेत, रात्री नको तो दिवा मालवावा. किडे कमी झाले की कोळीही आपोआप कमी होतो.

अवधूताने चोवीस गुरू केले, त्यांत हा कोळीही आहे. आपल्यातून सूत काढतो आणि आपल्यातच परत घेतो, तसा ईश्वर जग रचतो व आवरतो, हा बोध अवधूताने त्याच्यापासून घेतला. नाथमहाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावर टीका लिहून हा बोध मराठीत घरोघरी पोचवला. ज्याला गुरुस्थानी बसवले, त्याला केरसुणीने चिरडताना हात थोडा तरी थांबावा, इतकेच आमचे मागणे.

रामकृष्णहरी!